अमेरिकी मुख्य प्रवाहातील सिनेमा आणि प्रौढपट : १९६८ ते १९७३ मधली विरळ भिंत

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

७ एप्रिल १९७० रोजी लॉस एंजेलिसमध्ये ऑस्कर सोहळ्याच्या मंचावर एलिझाबेथ टेलर यांनी सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून ‘मिडनाइट काउबॉय’चे नाव वाचले. त्या चित्रपटाला तेव्हा ‘एक्स’, म्हणजे केवळ प्रौढांसाठी, हा दर्जा होता. म्हणजे ज्या अक्षरामुळे पुढे चित्रपटगृहाच्या दारावर काळा पडदा लागला, त्याच अक्षराच्या चित्रपटाने हॉलिवूडचा सर्वोच्च मान मिळवला होता. असे पुन्हा कधीही घडले नाही. त्या वर्षापासून जेमतेम तीन वर्षांत मुख्य प्रवाहातील सिनेमा आणि प्रौढपट यांच्यातली भिंत आधी जवळजवळ नाहीशी झाली आणि मग पूर्वीपेक्षा अधिक उंच उभी राहिली. ही भिंत प्रेक्षकांच्या लाजेने बांधली गेली असे सर्रास सांगितले जाते. मला मात्र वाटते की ती कायदा, जाहिरात आणि भाडेकरार यांनी बांधली. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा. कृपया इतिहास, कायदा आणि व्यवसाय यांवरच लिहावे. दृश्यांची वर्णने नकोत.

थोडी पार्श्वभूमी देतो. १९१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निकाल दिला. सरकारी सेन्सॉर गळ्यात पडू नये म्हणून स्टुडिओंनी १९३० मध्ये स्वतःच आचारसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती काटेकोरपणे राबवली. तिचा शिक्का नसलेला चित्रपट स्टुडिओंच्या मालकीच्या चित्रपटगृहांत लागत नसे, आणि मोक्याची बहुतेक चित्रपटगृहे त्यांच्याच मालकीची होती. खरी नाडी तिथे होती. १९४८ मध्ये पॅरामाउंट खटल्याच्या निकालाने स्टुडिओंना ही चित्रपटगृहे विकायला लावली आणि १९५२ मध्ये रोसेलिनी यांच्या ‘द मिरॅकल’च्या निमित्ताने न्यायालयाने १९१५ चा निकाल उलटवून चित्रपटाला अभिव्यक्तीचे संरक्षण दिले. पुढच्याच वर्षी ऑटो प्रेमिंगर यांचा ‘द मून इज ब्लू’ शिक्क्याविना प्रदर्शित झाला आणि चांगला चाललाही. १९५९ मध्ये रस मायर यांनी अगदी तुटपुंज्या पैशांत ‘द इम्मॉरल मिस्टर टीज’ काढला. त्यात नग्नतेपलीकडे काही नव्हते, पण त्याच्या यशाने अशा चित्रपटांची रांग लागली. १९६६ मध्ये एमजीएमने अँटोनियोनी यांचा ‘ब्लो-अप’ शिक्का नाकारला गेल्यावर आपल्या एका उपकंपनीच्या नावाने प्रदर्शित केला, तेव्हा आचारसंहिता व्यवहारात संपली होती.

त्याच वर्षी स्टुडिओंच्या संघटनेचे अध्यक्ष झालेल्या जॅक व्हॅलेंटी यांनी १ नोव्हेंबर १९६८ पासून दर्जापद्धत आणली : जी (सर्वांसाठी), एम (प्रगल्भ प्रेक्षकांसाठी), आर (मुलांना मोठ्यांसोबतच प्रवेश) आणि एक्स (केवळ प्रौढांसाठी). यातली एक बाब निर्णायक ठरली. पहिल्या तीन अक्षरांची व्यापारचिन्हे म्हणून नोंदणी झाली, एक्सची झाली नाही. ज्याला आपला चित्रपट दर्जा ठरवणाऱ्या मंडळाकडे पाठवायचा नसेल, त्याने तो स्वतःच एक्स म्हणून लावावा, अशी मुभा होती. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोणी खटला भरू नये म्हणून हे दार मुद्दाम उघडे ठेवले होते. त्यातून कोण आत येईल याचा विचार झाला नव्हता.

पहिली दोन वर्षे एक्सचा अर्थ ‘प्रौढांसाठी गंभीर चित्रपट’ असा लावला गेला. मग १९७२ आले. १२ जून रोजी न्यूयॉर्कच्या न्यू वर्ल्ड थिएटरमध्ये जेरार्ड डॅमियानो यांचा ‘डीप थ्रोट’ लागला आणि त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या मिचेल बंधूंचा ‘बिहाइंड द ग्रीन डोअर’ आला. हे उघडउघड लैंगिक चित्रपट होते आणि त्यांच्याही जाहिरातीत तेच अक्षर होते. जानेवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिक पुरवणीने या लाटेवर दीर्घ लेख छापला. सुशिक्षित, सुस्थित स्त्री-पुरुष जोडीने तिकिटाच्या रांगेत उभे राहतात, हे त्या वृत्तपत्रालाही दखल घेण्याजोगे वाटले. मला याच दोन-तीन वर्षांविषयी जाणून घ्यायचे आहे.

रीळ

धागा उत्तम. मी धंद्याच्या बाजूने भर घालतो, कारण ती बाजू समजल्याशिवाय चित्रपटगृहांनी हे चित्रपट का लावले हे कळत नाही.

१९४६ मध्ये अमेरिकेत आठवड्याला सुमारे आठ ते नऊ कोटी तिकिटे विकली जात. दूरचित्रवाणी आली, लोक उपनगरांत राहायला गेले, आणि १९७० च्या सुमारास हा आकडा दोन कोटींच्या खाली घसरला. शहराच्या मध्यवस्तीतली जुनी, हजार-दीड हजार आसनांची चित्रपटगृहे ओस पडली. पॅरामाउंट निकालानंतर त्यांच्यामागे स्टुडिओ उभे नव्हते आणि वर्षभराचा चित्रपटांचा रतीबही बंद झाला होता. अशा मालकाने आधी युरोपीय चित्रपट लावले, मग मायर यांच्या वळणाचे लावले, आणि १९६९ मध्ये ‘आय अॅम क्युरियस (यलो)’ हा स्वीडिश चित्रपट लावला. सीमाशुल्क खात्याने तो आधी जप्त केला होता. ग्रोव्ह प्रेस या प्रकाशनसंस्थेने न्यायालयात लढून तो सोडवला आणि परभाषिक चित्रपटांच्या कमाईचा विक्रम त्याने पुढे कित्येक वर्षे स्वतःकडे राखला. त्याच्या रांगा पाहिल्यावर चित्रपटगृहाच्या मालकाला दुसरा पुरावा लागला नाही.

‘डीप थ्रोट’ने साठ कोटी डॉलर कमावले हा आकडा जागोजागी छापलेला आढळतो. तो मला मान्य नाही. न्यूयॉर्कमध्ये त्याचे तिकीट पाच डॉलर होते. सर्वत्र तोच दर धरला तरी साठ कोटींसाठी बारा कोटी तिकिटे विकली जावी लागतील, आणि १९७० च्या जनगणनेनुसार लहान मुलांसकट देशाची लोकसंख्या होती वीस कोटी. त्यात कितीतरी शहरांत त्यावर बंदी होती. चित्रपट बनला सुमारे पंचवीस हजार डॉलरमध्ये, पैसा न्यूयॉर्कच्या कोलंबो या माफिया टोळीशी संबंधित पेराइनो कुटुंबाचा, आणि वसुली रोखीत. टोळीची माणसे चित्रपटगृहांत जाऊन प्रेक्षक मोजत आणि हिस्सा घेऊन जात. अशा धंद्याची वही विश्वासार्ह असणार कशी? नफा प्रचंड झाला एवढे निश्चित, पण या आकड्यावर इतिहास रचू नये.

न्यायप्रविष्ट

कायद्याविषयी विस्ताराने लिहितो, कारण धागाकर्त्यांच्या मुद्द्याचा कणा तोच आहे.

अश्लीलता म्हणजे काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रॉथ खटल्यात हाती घेतला. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिले की अश्लीलतेला संरक्षण नाही, परंतु कलाकृतीचा एखादा उतारा न पाहता ती समग्र पाहावी आणि सर्वसामान्य माणसावर होणारा परिणाम लक्षात घ्यावा. ही कसोटी वापरायची कशी, यावर नऊ न्यायमूर्तींचे एकमत कधीच झाले नाही. १९६४ मध्ये लुई माल यांचा ‘द लव्हर्स’ लावल्याबद्दल ओहायोतील क्लीव्हलंड हाइट्स येथील व्यवस्थापक निको जेकोबेलिस यांना झालेली शिक्षा न्यायालयाने रद्द केली, तेव्हा न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी सरळ लिहून टाकले की मला व्याख्या करता येणार नाही, पण पाहिले की ओळखता येते, आणि हा चित्रपट तसा नाही.

परिणाम असा झाला की पुढची काही वर्षे प्रत्येक वादग्रस्त चित्रपट न्यायालयाच्या इमारतीतच न्यायमूर्तींना दाखवला जाऊ लागला. ब्लॅक आणि डग्लस हे दोघे तिकडे फिरकत नसत, कारण त्यांच्या मते कोणतीही बंदी घटनाबाह्यच होती. न्यायमूर्ती हार्लन यांची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती. ते पडद्याजवळ बसत आणि पडद्यावर काय चालले आहे ते शेजारी बसलेली व्यक्ती त्यांना सांगत असे. देशातले सर्वोच्च न्यायपीठ एकेका चित्रपटाचे परीक्षण करत बसले आहे, ही स्थिती फार काळ चालणे शक्य नव्हते. १९६९ मध्ये न्यायालयाने स्वतःच्या घरात असे साहित्य बाळगण्याचा हक्क मान्य केला. १९७० मध्ये राष्ट्राध्यक्षीय आयोगाने प्रौढांसाठीचे निर्बंध काढून टाकावेत अशी शिफारस केली. निक्सन यांनी ती धुडकावली आणि सिनेटने ६० विरुद्ध ५ मतांनी फेटाळली.

२१ जून १९७३ रोजी मिलर खटल्याचा निकाल लागला, पाच विरुद्ध चार अशा मतांनी. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी सांगितले की लैंगिक आकर्षणाचा आणि ते किळसवाण्या रीतीने दाखवण्याचा निकष राष्ट्रीय नसून स्थानिक समाजाचा असेल. मेन किंवा मिसिसिपीतल्या लोकांनी लास वेगास वा न्यूयॉर्कमध्ये चालते ते सहन करावे असे संविधान सांगत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच दिवशी अटलांटाच्या एका चित्रपटगृहाच्या खटल्यात, प्रेक्षक केवळ स्वखुशीने आलेले प्रौढ असले तरी राज्य बंदी घालू शकते, असेही ठरले. त्या खटल्यात ब्रेनन यांनी विरोधी मत लिहिले. ज्यांनी सोळा वर्षांपूर्वी रॉथचा निकाल लिहिला होता, त्याच न्यायमूर्तींनी आता नोंदवले की अश्लीलतेची पुरेशी स्पष्ट व्याख्या करता येत नाही, आणि म्हणून प्रौढांपुरते राज्याने यातून बाहेर पडावे. माझ्या वाचनात आलेल्या सर्वांत प्रामाणिक न्यायालयीन लेखनापैकी ते एक आहे.

आता या निकालाचा मुख्य प्रवाहाला चटका कसा बसला ते पाहा. माइक निकोल्स यांचा ‘कार्नल नॉलेज’ हा १९७१ चा चित्रपट. जॅक निकोल्सन नायक, अॅन-मार्गरेट यांना ऑस्करचे नामांकन, देशभर उत्तम समीक्षा. जानेवारी १९७२ मध्ये जॉर्जिया राज्यातील ऑल्बनी या लहान शहरात पोलिसांनी वॉरंट काढून त्याची प्रत जप्त केली आणि व्यवस्थापक बिली जेंकिन्स यांच्यावर खटला भरला. ज्युरीने दोषी ठरवले. ७५० डॉलर दंड आणि बारा महिने परिवीक्षा. मिलर निकालानंतर दोनच आठवड्यांत जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा कायम केली. जून १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. निकाल लिहिला पुराणमतवादी मानल्या जाणाऱ्या न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी : केवळ नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे आणि स्थानिक ज्युरीला अमर्याद अधिकार नाहीत. जेंकिन्स सुटले. परंतु ज्या स्टुडिओच्या वकिलाने हे अडीच वर्षांचे प्रकरण वाचले असेल, त्याने आपल्या मालकाला पुढचा असा चित्रपट काढायचा सल्ला दिला असेल का?

दुसऱ्या बाजूला हॅरी रीम्स. ‘डीप थ्रोट’मधील हा अभिनेता. चित्रीकरण फ्लोरिडात झाले, तरी सरकारी वकिलांनी खटला टेनेसीतील मेम्फिस येथे भरला, कारण तिथली ज्युरी कडक असणार होती. १९७६ मध्ये त्याला कटात सहभागी म्हणून दोषी ठरवले गेले. मिलरपूर्वी केलेल्या कामाला मिलरची कसोटी लावली या कारणाने पुढच्या वर्षी ती शिक्षा टिकली नाही. ‘स्थानिक समाज’ निवडण्याची मुभा सरकारला मिळाली, हा या निकालाचा सर्वांत घातक भाग होय.

मावळतीचे_ऊन

न्यायप्रविष्ट यांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, तरी मला मूळ प्रमेय पटत नाही. ‘डीप थ्रोट’च्या रांगेत उभे राहिलेले बहुसंख्य लोक कुतूहलाने गेले होते. एकदा पाहिल्यावर पुन्हा कशाला जातील? त्या चित्रपटांत कथा नावापुरती, अभिनय यथातथा, छायाचित्रण सुमार. नवलाई ओसरली आणि प्रेक्षक कमी झाला, एवढे साधे कारण असताना न्यायालय आणि भाडेकरार यांच्याकडे बोट दाखवण्याची आवश्यकता काय?

तिसरी_घंटा

नवलाई ओसरली हे खरेच. परंतु या कारणाने ‘डीप थ्रोट’च्या नकला बंद पडल्या असत्या, त्याने ‘मिडनाइट काउबॉय’सारख्या चित्रपटांची वाट बंद व्हायला नको होती, आणि झाली ती तीच. माझा मुद्दा त्या दुसऱ्या नुकसानीचा आहे.

एक्स हे अक्षर कोणीही लावू शकत असल्याने प्रौढपटांच्या मालकांनी ते जाहिरातीचे साधन केले आणि एकाऐवजी तीन-तीन एक्स छापायला सुरुवात केली. वृत्तपत्रांना मग ‘मिडनाइट काउबॉय’चे दिग्दर्शक श्लेसिंगर आणि ‘डीप थ्रोट’चे डॅमियानो यांच्यात फरक करण्याचा त्रास घ्यायचा नव्हता. १९७२ मध्ये डेट्रॉइट न्यूजने एक्स चित्रपटांच्या जाहिराती सरसकट नाकारल्या, तेव्हा स्टॅन्ली कुब्रिक यांनी संपादकांना पत्र लिहून निषेध केला, कारण त्यांचा ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ एक्स दर्जाचा होता आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्कर स्पर्धेतही होता. अनेक वृत्तपत्रांनी तेच धोरण धरले. त्या काळी वृत्तपत्रातील जाहिरातीवाचून चित्रपट चालणे अशक्यप्राय होते. शेवटी कुब्रिक यांनी सुमारे तीस सेकंदांची दृश्ये बदलून आर दर्जा मिळवला. ‘मिडनाइट काउबॉय’ला तर १९७१ मध्ये एकही दृश्य न कापता आर मिळाला होता. चित्रपट तोच, बदलला होता तो अक्षराचा अर्थ.

शिवाय नवी चित्रपटगृहे आता उपनगरांतील मॉलमध्ये उभी राहत होती आणि जागेच्या करारातच एक्स चित्रपट लावू नये अशी अट घातली जाई. उरलेल्या प्रौढपटगृहांसाठी डेट्रॉइटने, ती एकमेकांजवळ येऊ नयेत असे, नगरनियोजनाचे नियम आणले, ते १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. प्रेक्षकाच्या आवडीनिवडीचा प्रश्न यायच्या आधीच पडदे संपले होते.

अरुंधती_स

वरचे सगळे प्रतिसाद मी काळजीपूर्वक वाचले. त्यांत न्यायमूर्ती आहेत, दिग्दर्शक आहेत, मालक आहेत, टोळीवाले आहेत. ज्या स्त्रीच्या चेहऱ्यावर हा सगळा धंदा उभा राहिला तिचे नाव अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून मी लिहिते.

तिचे नाव लिंडा बोरमन. पडद्यावर तिला लिंडा लव्हलेस म्हणून आणले गेले. चित्रपटासाठी १२५० डॉलर ठरले होते आणि तिच्या सांगण्यानुसार तेही तिचा तेव्हाचा नवरा चक ट्रेनर याने घेतले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑर्डील’ या आत्मकथनात तिने सांगितले की मारहाण आणि बंदुकीच्या धाकाखाली तिच्याकडून हे करून घेतले गेले. ट्रेनरने मारहाणीचा काही भाग कबूल केला, बळजबरी नाकारली. १९८६ मध्ये महाधिवक्ता एडविन मीस यांच्या अश्लील साहित्याविषयीच्या आयोगापुढे तिने साक्ष दिली. तिची भूमिका अशी होती की हा चित्रपट जो पाहतो तो तिच्यावर होणारा बलात्कार पाहतो. न्यायाधीश जोएल टायलर यांनी मार्च १९७३ मध्ये चित्रपट अश्लील ठरवला, तेव्हा न्यू वर्ल्ड थिएटरच्या दर्शनी फलकावर ‘न्यायाधीशांनी गळा कापला, जग शोकाकुल’ असे लिहिले गेले (‘थ्रोट’ म्हणजे गळा, ‘वर्ल्ड’ म्हणजे जग) आणि शहराने ते चातुर्य म्हणून मिरवले. त्या खटल्यात तज्ज्ञांनी चित्रपटाच्या सामाजिक मूल्यावर दिवसेंदिवस साक्षी दिल्या. ती स्त्री तिथे स्वखुशीने होती का, हा प्रश्न त्या खटल्याचा विषयच नव्हता.

आणि हे केवळ टोळीच्या पैशांवरच्या चित्रपटांत घडले असेही नाही. बर्टोलुची दिग्दर्शित ‘लास्ट टँगो इन पॅरिस’च्या वेळी मारिया श्नायडर १९ वर्षांची होती, मार्लन ब्रँडो ४८ वर्षांचे. बर्टोलुची आणि ब्रँडो या दोघांनाही ऑस्करची नामांकने मिळाली. एका दृश्यातील महत्त्वाचा तपशील तिला आधी सांगितला नव्हता. आपल्याला अपमानित झाल्यासारखे वाटले आणि डोळ्यांतले अश्रू खरे होते, असे तिने २००७ मध्ये सांगितले. तिच्या मृत्यूनंतर, २०१३ मध्ये बर्टोलुची यांनी तो तपशील तिच्यापासून मुद्दाम लपवल्याचे मान्य केले. मुख्य प्रवाह आणि प्रौढपट यांच्यातली भिंत विरळ झाली असे धागाकर्ते म्हणतात. भिंतीच्या दोन्ही बाजूंना स्त्रीची संमती हा प्रश्न सारखाच गैरहजर होता, हे त्या इतिहासात लिहिले गेलेच पाहिजे.

न्यायप्रविष्ट

अरुंधतीताई, आपला मुद्दा कायद्याच्या इतिहासातही आहे आणि तो मी नोंदवायला हवा. कॅथरिन मॅकिनन आणि अँड्रिया ड्वॉर्किन यांनी १९८३ मध्ये मिनिआपोलिससाठी असा कायदा तयार केला की ज्यात प्रश्न अश्लीलतेचा नव्हता, स्त्रीच्या नागरी हक्कांचा होता. जिच्यावर जबरदस्ती झाली ती नुकसानभरपाई मागू शकली असती. तिथे महापौरांनी तो नाकारला. १९८४ मध्ये इंडियानापोलिसने तो स्वीकारला, पण तो विशिष्ट विचाराला लक्ष्य करतो या कारणाने न्यायालयांनी घटनाबाह्य ठरवला. माझ्या मते जबरदस्तीपुरता मर्यादित असा कायदा टिकू शकला असता. त्यांनी जाळे फार मोठे टाकले.

आपल्याकडचा एक खरा संबंध सांगतो. मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ अश्लील ठरवताना १८६८ ची इंग्रजी हिक्लिन कसोटी (साहित्य वाईट प्रभावाला बळी पडणाऱ्या मनांना भ्रष्ट करील का, हे पाहणारी) वापरली, जी अमेरिकेने १९५७ मध्येच टाकून दिली होती. ती सोडून समाजाच्या प्रचलित निकषांची कसोटी आपण अवीक सरकार खटल्यात स्वीकारली, २०१४ मध्ये, आणि तेव्हा आधार घेतला तो रॉथचाच.

एडिसनकर

मी इकडे न्यू जर्सीत असतो, त्यामुळे पुढच्या काळाविषयी थोडे लिहितो.

सत्तरीच्या शेवटी व्हिडिओ कॅसेट आली. युनिव्हर्सल आणि डिस्ने घरी कॅसेटवर मुद्रण करण्यावरून सोनीशी न्यायालयात भांडत होते (तो खटला १९७६ ते १९८४ चालला), त्या काळात प्रौढपटांचे निर्माते कॅसेटवर मोकळेपणाने गेले. प्रेक्षक घरी बसला, चित्रपटगृहाची गरज संपली, आणि त्याबरोबर मोठ्या पडद्यासाठी कथा रचण्याचे कारणही संपले. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्रीमन खटल्यात, कलाकारांना चित्रीकरणासाठी पैसे देणे हा वेश्याव्यवसायाचा गुन्हा नाही, असे ठरवले. त्यानंतर हा धंदा हॉलिवूडपासून टेकडीपलीकडच्या सॅन फर्नांडो खोऱ्यात उजळ माथ्याने स्थिरावला. दोन उद्योग शेजारी, पण व्यवहार वेगळे.

एक्सचा घोळ निस्तरण्यासाठी सप्टेंबर १९९० मध्ये संघटनेने एक्सच्या जागी ‘एनसी-१७’ हा दर्जा आणला आणि या वेळी व्यापारचिन्हाची नोंदणी केली. फिलिप कॉफमन यांचा ‘हेन्री अँड जून’ हा त्याचा पहिला चित्रपट. वृत्तपत्रे आणि मॉल यांनी मात्र जुनेच धोरण नव्या अक्षरांना लावले आणि ब्लॉकबस्टर या कॅसेटसाखळीने असे चित्रपट ठेवायला नकार दिला. १९९५ मध्ये ‘शोगर्ल्स’ सुमारे १,४०० पडद्यांवर लावून पाहिला, तो सपाटून पडला, आणि त्यानंतर मोठ्या स्टुडिओंनी हा नाद सोडला. आज दिग्दर्शकाच्या करारात चित्रपट आर दर्जातच बसवून देण्याची अट सर्रास असते. १९९९ मध्ये कुब्रिक यांच्या मृत्यूनंतर ‘आईज वाइड शट’च्या अमेरिकी प्रतीत संगणकाने आकृत्या घालून काही दृश्ये झाकली गेली, ती याच अटीपायी. तिसरी_घंटा यांचे प्रमेय मला म्हणूनच पटते : १९७३ नंतरच्या कितीतरी गोष्टी बदलल्या, जाहिरात आणि करार यांची पकड बदलली नाही.

अरुंधतीताईंच्या मुद्द्याशी जोडलेली एक घटना आहे. एचबीओची ‘द ड्यूस’ ही मालिका सत्तरीतल्या न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या याच धंद्यावर आहे. तिच्या दुसऱ्या पर्वाच्या वेळी अभिनेत्री एमिली मीड हिने मागणी केली की अशा दृश्यांच्या वेळी सेटवर कलाकारांच्या बाजूने बोलणारी कोणीतरी जबाबदार व्यक्ती हवी. त्यासाठी अॅलिशिया रोडिस यांची नेमणूक झाली, आणि पुढे एचबीओने अशी दृश्ये असलेल्या आपल्या सर्व मालिकांना तोच नियम लावला. प्रत्येक दृश्यात काय होणार, कोणता स्पर्श होणार आणि कोणता नाही, हे आधी ठरते. सेटवर ऐनवेळी त्यात भर घालता येत नाही. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकी कलाकारांच्या संघटनेने या कामाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

अरुंधती_स

एडिसनकर, या माहितीसाठी आभार. ती मागणी निर्मात्याने किंवा न्यायालयाने नव्हे, काम करणाऱ्या अभिनेत्रीने केली, याची नोंद या धाग्यात राहावी.